अकरा महिने बंद

"डॉक्टर, तिसऱ्यांदा विचारतेय. शीतकपाट अकरा महिने बंद का होतं?"

लोकलेखा समितीच्या अध्यक्षबाईंनी आवाज चढवला नव्हता. वीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला त्याची गरज पडत नसे. निवडून येऊन नऊ वर्षं झाली, तरी अख्खं विधिमंडळ त्यांना मास्तरीणबाईच म्हणायचं. टेबलापलीकडे सरकारी रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर बसले होते. निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस, मांडीवर फाईल घट्ट धरून.

"माझी चूक झाली," डॉक्टर म्हणाले.

"चूक कोणाची ते समिती ठरवेल. मी कारण विचारलं."

डॉक्टरांनी मांडीवरची फाईल आणखी जवळ ओढली.

सभागृहानं मंजूर केलेला पैसा सरकारनं नीट वापरला की नाही, हे बघायचं काम या समितीचं. नुसते कागद बघून बाईंचं समाधान व्हायचं नाही. त्या स्वतः जागेवर जात. एकदा एका वसतिगृहात जाऊन त्यांनी खाटा मोजल्या होत्या. कागदावर दोनशे, खोल्यांत नव्वद. तेव्हापासून मास्तरीणबाई येणार म्हटलं की भल्याभल्या अधिकाऱ्यांची पाचावर धारण बसायची.

हे शीतकपाट रक्त साठवायचं होतं. रुग्णालयात आलं आणि खोक्यातच राहिलं. मग एका दुपारी एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा तिथे रक्ताची एकही पिशवी नव्हती. शहरातून पिशव्या येईपर्यंत पावणेदोन तास गेले. बाळ वाचलं. बाळंतीण गेली.

ती बाईंची एकुलती एक लेक होती.

जावई खासगी दवाखान्याचं म्हणत होता. बाईच हटून बसल्या. "आम्ही हात वर करून पैसे मंजूर करायचे आणि स्वतःची लेक दुसरीकडे न्यायची? लोक काय म्हणतील?" लेक पोटावर हात ठेवून हसली होती. "जाऊ दे रे, आईचं भाषण सुरू झालं की ऐकावंच लागतं."

नात आता वर्षाची झाली होती. परवा ती बाईंनाच 'आई' म्हणाली. बाई तिला जावयाकडे देऊन न्हाणीघरात गेल्या, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडल्या.

आज सकाळी एका सदस्यानं चाचरत सुचवलं होतं, "बाई, आजच्यापुरतं दुसऱ्या कोणाला बसू द्या अध्यक्ष म्हणून."

"मी इथे आई म्हणून आलेली नाही," बाई म्हणाल्या. साफ खोटं होतं ते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते कळत होतं.

"पुरवठादाराशी बिनसलं का तुमचं?" बाईंनी आता वेगळ्या बाजूनं धरलं. "टक्का ठरला नाही?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. ते काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी नजर फाईलवर वळवली. "तसं लिहून घ्या."

"तसं म्हणजे कसं? पैसे मागितले होते तुम्ही?"

"काय हवं ते लिहा, बाई. मी सही करतो."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. माणूस मारून वर हा तोरा!

शेजारी बसलेले समितीचे सचिव वाकून हळूच म्हणाले, "बाई, त्यांनी चूक कबूल केलीय. अहवालात घेऊ. फाईल कशाला मागवायची?"

"तुम्हालाही काही पोचलंय का हो?"

सचिव खाली मान घालून समोरचे कागद सारखे करू लागले.

"फाईल द्या, डॉक्टर. नाही दिली तर हक्कभंग आणीन."

"आणा. पेन्शन थांबवा माझी. पण ही फाईल मागू नका, हात जोडतो."

"माझी लेक गेलीय!" बाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "कोणामुळे गेली एवढंच विचारतेय मी. तेवढाही हक्क नाही मला?"

"मी होतो तिथे," डॉक्टर म्हणाले. "शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी उठून फाईल बाईंपुढे ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

समोर आलेला कागद अध्यक्षांनी शब्दन् शब्द मोठ्यानं वाचायचा आणि लघुलेखकानं तो कामकाजात घ्यायचा, असा समितीचा नियम होता. लघुलेखक नवीन होता. त्यानं पेन्सिल सरसावली.

पहिलं पत्र डॉक्टरांचंच होतं. "शीतकपाट सुरू करण्याची परवानगी तातडीनं मिळावी. बाळंतिणींच्या जिवाला धोका आहे. स्मरणपत्र तिसरं."

बाई थबकल्या. म्हणजे यानं मागितलं होतं. तीनदा मागितलं होतं! मग वर कोणीतरी अडवलं होतं. एवढं तोंड शिवून हा माणूस कोणाला वाचवत होता? आता नाव कळणार होतं. त्या माणसाला त्या सोडणार नव्हत्या, मग तो मंत्री का असेना.

त्यांनी पान उलटलं. उत्तर टंकलेलं होतं, चारच ओळींचं. बाईंनी खणखणीत आवाजात वाचायला घेतलं.

"लेखापरीक्षणात आक्षेप आलेल्या, सोबतच्या यादीतील सर्व एकशे सत्तर वस्तू आहेत तशा सीलबंद ठेवाव्यात. समितीनं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एकाही वस्तूचं सील तोडू नये. यात कोणालाही सवलत नाही. माझ्या मुलीचं बाळंतपण जवळ आल्यानं..."

बाईंचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळानं तो आला, अगदी बारीक.

"...समितीच्या सर्व पाहण्या दोन महिने पुढे ढकलल्या आहेत."

लघुलेखकानं तेवढं उतरवून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "खाली सही कोणाची आहे, बाई?"