अण्णांची जुनी सिस्टीम

मृदुलाच्या नव्या लॅपटॉपवर अण्णांनी डाव्या हाताने टाइप केलं आणि पडद्यावर अक्षरांचा नुसता चिवडा झाला.

“राहू दे गं, मृदुला. त्यांना काही कळत नाही आता,” आई त्यांच्यासमोरच म्हणाली. अर्धांगवायूने अण्णांची वाचा आणि उजवा हात गेला होता. त्यांना कळतं का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

मृदुला त्या चिवड्याकडे बघत राहिली. तहसील कचेरीत अण्णांनी जन्मभर ज्या कीबोर्डवर पत्रं टाइप केली, त्याची अक्षरं इथे भलत्याच कळांवर होती.

तिच्या ऑफिसच्या कामाला लॅपटॉपमधली नवी सिस्टीम हवीच होती. म्हणून तिने त्याच लॅपटॉपवर, नवीच्या शेजारी, अण्णांची कचेरीतली जुनी सिस्टीम बसवली; तिच्यात अक्षरं त्यांच्या सवयीच्या कळांवर होती. लॅपटॉप सुरू होताच पडद्यावर दोन्ही सिस्टीमची नावं आली.

“कोणती उघडू, अण्णा?”

अण्णांचं बोट कळांवर आलं आणि त्यांनी स्वतःच जुनी निवडली. मग एकेक अक्षर उमटू लागलं. आई चष्मा पुसून वाचायला वाकली.

“प्रति, मृदुलाची आई. महोदया, आपणांस कळविण्यात येते की, मला सर्व ऐकू येते.”