फौजी सुधारला

“मेलेल्या माणसांचे विनोद इथे चालणार नाहीत,” केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या. केबिनचं दार त्यांनी मुद्दाम लावून घेतलं होतं.

समोर फौजी उभा होता. खुर्ची असूनही बसला नव्हता. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या त्या केंद्रात त्याला सगळे फौजीच म्हणत. सैन्यातून सुटल्यावरची ही त्याची पहिलीच नोकरी. हातात कसब होतं, पण तोंडाला लगाम नव्हता. मागे एकदा टेबलावरची मोटर धाडकन आवाज होऊन जळली आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली, तेव्हा हा धुरातून ओरडला होता, “मोजा रे सगळ्यांना! जो कमी भरेल त्याचा डबा माझा!” हसलं कुणीच नाही.

काल मात्र कहर झाला. सुट्या भागांचं कपाट सांभाळणारे काका हृदयाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कामावर आले होते. सगळे त्यांची विचारपूस करत होते. फौजी तेवढा म्हणाला, “काका, हे काही बरं नाही केलंत. तुमची खुर्ची मी आधीच माझ्या नावावर करून घेतली होती.” काकांचा चेहरा खर्रकन उतरला. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा बाईंना फोन आला. ती रडत होती.

“मॅडम, मेलेल्यांवर आम्ही पलटणीत कधीच विनोद केला नाही,” फौजी हळूच म्हणाला. “जो परत आला, त्याच्यावरच करायचो.”

“असेल. पण इथे साधी घरदार असलेली माणसं आहेत. जीभ आवराल?”

“आवरेन.”

त्यानं काकांची माफी मागितली आणि शब्द पाळला. सकाळी यायचा, नमस्कार करायचा, मान खाली घालून मिक्सर उघडायचा. सुरुवातीला जेवताना एखाद्या बोलण्यावर त्याचे ओठ हलत आणि परत मिटत. पुढे पुढे तेही थांबलं. आता तो डबा घेऊन एकटाच बसे. डबा निम्मा तसाच परत जाई.

बाईंना हायसं वाटलं. माणूस रुळला म्हणायचा. नुसता रुळला नाही, मऊसुद्धा झाला. तारांना डाग द्यायची आपली चांगली सोल्डरिंगची इस्त्री त्यानं शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीला देऊन टाकली. फौजेतलं जाड जाकीट पहारेकऱ्याच्या अंगावर घातलं. “असू दे मामा, मला कुठं लागतंय,” म्हणाला. काकांनीसुद्धा येऊन कबूल केलं, “पोरगा मनानं वाईट नाही हो. उगाच मनाला लावून घेतलं मी.”

मग एका सकाळी त्यानं पहिल्यांदाच रजा घेतली. कारण दिलं नाही, बाईंनी विचारलंही नाही.

त्याच दुपारी एक धिप्पाड माणूस केंद्रात शिरला. डावी बाही कोपरापासून दुमडून पिन लावलेली. आल्या आल्या गरजला, “कुठाय आमचा सोंगाड्या? म्हटलं, इकडून चाललोच आहे तर जिवंत आहे का बघावं!” सगळे दचकले. फौजीचा पलटणीतला सोबती आहे हे कुणी सांगावं लागलं नाही.

“आज रजेवर आहेत ते,” बाई हसून म्हणाल्या. त्यांना त्याला चार बऱ्या गोष्टी सांगायच्या होत्या. “पण तुम्ही ओळखणार नाही त्यांना आता. फार बदललेत. अगदी शांत झालेत.”

“शांत?”

“हो ना. महिना झाला, एक चावट शब्द नाही की टवाळी नाही.”

सोबत्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं खिशातून फोन काढला, अंगठ्यानं नंबर लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला.

“ताई, त्याचं घर माहीत आहे?” त्यानं विचारलं. “गाडी आहे तुमच्याकडे? चला. आत्ता.”

बाई का निघाल्या हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.  वाटेत तो फोनच लावत राहिला. जिना त्यानं धावत चढला आणि दारावर मूठ आपटत राहिला. शेजारची दारं उघडली. शेवटी आतली कडी वाजली.

फौजी दारात उभा होता. दाढी नीट केलेली, अंगावर धुतलेले कपडे. मागची खोली लख्ख आवरलेली, पाहुण्याची वाट बघत असल्यासारखी. पण त्याचे डोळे कुणाची वाट बघत नव्हते. सोबत्याला पाहूनही त्यात काही हललं नाही.

सोबत्यानं एका हातानं त्याला छातीशी ओढलं. फौजी आधी लाकडासारखा उभा राहिला. मग दोघेही उंबऱ्यातच खाली बसले. तो रडू लागला तेव्हा आवाज असा आला की बाई दोन पावलं मागे सरकल्या.

“अहो, पण झालंय काय?” त्यांनी घाबरून विचारलं. “आता कुठे सुधारले होते ते!”

सोबत्यानं मिठी न सोडता मान वर केली.

“ताई, तिकडे आमच्यातला एखादा विनोद करायचा थांबला,” तो म्हणाला, “की आम्ही आधी त्याची बंदूक काढून घ्यायचो.”