डाव्या कुशीवर

"दसऱ्यापासून डोळ्याले डोळा नाही, डॉक्टरसाहेब," चिंधू म्हणाला. "आता हार्ट जाते का?"

साकोलीच्या डॉक्टरांनी त्याचा बीपी दुसऱ्यांदा मोजला. चिंधूला भीती होती तेवढा तो निघाला नाही, त्यामुळे चिंधूचा मशीनवरचाच विश्वास उडाला. झोप नसली की आधी बीपी, मग शुगर, मग हार्ट, असं त्याच्या मुलीने, गुड्डीने, मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून तो छातीवर हात ठेवूनच फिरत होता.

"कशाने जाग येते, काका?"

"डुकरानं. धान पिकलं, म्हणून शेतात मचाणावर असतो. जरा पडलो का खाली गुरगुर सुरू. उठून बॅटरी मारतो, त कोणीच नाही. पुन्हा पडलो का पुन्हा गुरगुर. सकाळी डोकं जड, घशाले कोरड."

डॉक्टरांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. "काकू, तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय मालूम? हे तिकडं, मी इकडं," रुखमिणी म्हणाली. "मले मातर या मैन्यात मस्त झोप लागून राहिली."

डॉक्टर चिंधूची जाड मान न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "उताणे झोपू नका. डाव्या कुशीवर झोपा. पाठीमागे उशी लावा."

सुई नाही, गोळी नाही. चिंधूचं तोंड उतरलं.

बसस्टँडवर मोतीलाल भेटला. त्याच्या धानाची बांधी चिंधूच्या बांधीला लागूनच होती. त्याने खिशातून खडीसाखर काढून चिंधूच्या हातावर ठेवली.

"घशाले बरी. तुह्यापायी माह्यंही धान वाचून राहिलं, चिंधूभाऊ. कापणीपर्यंत दम धर."

आपल्या आजाराची बातमी गावभर झाली, हे चिंधूला आवडलं नाही. "आणि हार्ट गेलं त?" त्याने विचारलं.

"धान गेलं त तसंही जाईलच," मोतीलाल म्हणाला.

तरी त्या रात्री चिंधूने जिवाचा विचार केला आणि पाठीशी उशी लावून डाव्या कुशीवर झाला.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं. डोकं हलकं, घसा ओला. रात्रभर एकदाही गुरगुर नाही. डुकरं जंगलात परत गेली असावीत, असं त्याला वाटलं. मचाणावरूनच त्याने रुखमिणीला फोन लावला.

"अवं, वाचलो मी. डॉक्टर देवमाणूस आहे."

मग तो खाली उतरला आणि शिडीला धरून उभाच राहिला. अख्खी बांधी आडवी झाली होती. चिखलात खुरांचे ठसेच ठसे. पलीकडे मोतीलालचं धानही तसंच लोळत होतं, आणि मोतीलाल दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर डोक्याला हात लावून बसला होता.

"चिंधूभाऊ," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "रोज रात्रभर वाघाचा आवाज काढत होतास, मग काल काहून नाही काढला?"