वाकड्या शिंगाचा बैल

बहात्तरच्या दुष्काळात वडनेर भोलजीच्या शालिग्राम कुंभारानं पोळ्यासाठी मातीचे बैल केले, पण दरसालसारखे गुबगुबीत केले नाहीत. उन्हाळाभर जनावरांच्या छावणीत जे पाहिलं, तेच त्याच्या बोटांतून उतरलं. बरगड्या वर आलेल्या, पोटं पाठीला लागलेली, माना खाली.

बाया आल्या, बैल बघून रिकाम्या हातानं परतल्या. ज्यांच्या गोठ्यात यंदा पहिल्यांदाच खरी जोडी नव्हती, ते हिंमतराव पाटील तर भर बाजारात खेकसले, "काऊन केलं बे हे असं? असे बैल पुजते काय कोणी?"

"जसे पाह्यले तसे झाले, पाटील," शालिग्राम म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या सांजेला, घरोघरी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळायच्या वेळेला, तो न खपलेले बैल टोपल्यात भरत होता. तेवढ्यात हिंमतराव दारात आले. त्यांनी टोपलं चाचपलं आणि वाकड्या शिंगाचा एक बैल उचलला.

"हा माहा चांद्या होय ना?"

"हाव, पाटील. छावणीत बसला तो उठलाच नाही, त्या दिवशीचा."

हिंमतरावांनी धोतराच्या सोग्याखालून वाटी काढली. तिच्यात जेमतेम बोटभर लोणी होतं. ते त्यांनी मातीच्या खांद्याला हळूहळू चोळलं, आणि चाऱ्याविना गेलेल्या त्या जिवाच्या कानाशी वाकून दरवर्षीसारखं म्हणाले,



"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."