काचेतला हत्ती

वाचन हा मानवी संस्कृतीचा पाया आहे, असं सांगून केंद्रप्रमुखांनी पुढचं भाषण वाचायला चष्मा शोधला. तो सापडला नाही, म्हणून शाळेतल्या वाचन शिबिराचं उद्घाटन तिथेच आटोपलं.

मग दोन तज्ज्ञ भिडले. कोठावळे सर म्हणाले, आधी अक्षरं, मग शब्द. दाभाडे मॅडम म्हणाल्या, आधी अख्खा शब्द, अक्षरं आपोआप सुटतात. प्रयोगाला दुसरीतली कार्तिकी उभी केली. मॅडमनी कमळाच्या चित्राखालचा शब्द दाखवला. ती म्हणाली, "फूल." सरांनी क, म, ळ एकेक म्हणवून घेतलं आणि विचारलं, "आता जोडून काय झालं?"

"फूलच."

"अप्रगत!" दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

कार्तिकीचं लक्ष मात्र काचेच्या कपाटाकडे होतं. आत हत्तीच्या गोष्टीचं नवंकोरं पुस्तक होतं. "मॅडम, ते घेऊ वाचायला?"

"तुला कुठे वाचता येतं, बाळा?"

तिनं काचेवर चिकटवलेल्या सूचनेवर बोट फिरवलं. "परवानगीशिवाय पुस्तकांना हात लावू नये. म्हणून तर विचारतेय."

"बघा, एकेक अक्षर लावून वाचलं!" सर ओरडले.

"अहो, अख्खं वाक्य वाचलंय तिनं!" मॅडम कडाडल्या.

खिचडीची वेळ झाली, तेव्हा दोन्ही पद्धती विजयी झाल्याचं जाहीर झालं.

"मग पुस्तक?" कार्तिकीनं पुन्हा विचारलं.

कपाटाची किल्ली मागच्या वर्षी बदली झालेल्या बाईंबरोबर त्यांच्या पर्समध्येच गेली होती.