पेडणेकरांची तपासणी

दिगंबर पेडणेकरांनी नाटकांत आयुष्यभर मरायची कामं केली, म्हणून तर यंत्रसेवक बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीने त्यांना गुप्त परीक्षक नेमलं. महिन्यातून दोनदा नाडी बिघडवणारी गोळी घ्यायची, रस्त्यात छाती धरून कोसळायचं, धावून आलेला यंत्रसेवक कसा वागतो ते बघायचं. मग उठून कपडे झटकायचे आणि गुण द्यायचे.

आज तळ्याकाठी, हातात भाजीची पिशवी असताना, कळ खरोखरच आली.

तिसऱ्या मिनिटाला यंत्रसेवक हजर झाला. त्याने डोक्याखाली उशी सरकवली आणि हात हातात घेतला.

"आज तपासणी नाही रे," पेडणेकर कसेबसे म्हणाले. "दवाखान्याची गाडी बोलाव. नाडी बघ माझी."

"गोळी घेतली की नाडी अशीच होते, काका," तो मायेने म्हणाला. "मागच्या वेळी मी फसलो. तुमच्यासाठी गाडी आली आणि ती न मिळाल्याने पलीकडच्या गल्लीतली बाई गेली. आता आम्ही सगळे तुम्हाला ओळखतो."

त्याने घाम पुसला, पांघरूण घातलं, दोनदा नावाने हाक मारली. पेडणेकरांचे डोळे मिटले तरी त्याने हात सोडला नाही. हात धरून ठेवण्याचे दोन गुण होते.