चष्म्याचा नंबर

"तुझा मेसेज आलाय." शिलाई मशीनवर बसलेल्या बाबांनी मुलाचा फोन उचलला आणि मोठ्यांदा वाचला, "चष्म्याचा नंबर बदललाय. येऊन जा."

कापडातून चाललेली मुलाची कात्री तिथेच थांबली.

"तू चष्मा कधी घेतलास?"

"घेणार होतो. डोळे चुरचुरतात."

"डोळे तरी माझ्यावर जायला हवे होते," म्हणत बाबांनी बासष्टाव्या वर्षी पहिल्याच फटक्यात सुई ओवली. चष्म्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

मुलाचं कशात लक्ष लागेना. ज्यांचा पुरुषांवर जीव जडतो अशा पुरुषांसाठी गावात एक दवाखाना होता. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी तो दर तीन महिन्यांनी तिथून आणायचा. या वेळी सिस्टर म्हणाल्या होत्या, "गोळी एचआयव्हीला अडवते, काविळीच्या विषाणूंना नाही. रक्त काढतेच आहे, तर हिपॅटायटिसही तपासू."

फोन घरच्यांच्या हाती पडला तरी बिंग फुटू नये, म्हणून तिथला प्रत्येक निकाल चष्म्याच्या भाषेत यायचा. चष्मा तयार, म्हणजे सगळं ठीक. नंबर बदलला, म्हणजे काहीतरी सापडलं.

काय सापडलं? यकृत कामातून गेलं? आणि बाबांना कळलं तर या दुकानात पुन्हा उभं करतील का ते?

त्याने खडूची रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. बाहीचं माप पाठीच्या तुकड्यावर पडलं.

"गिऱ्हाइकाला तीन हात आहेत का?" बाबा म्हणाले. "ठेव ते. जाऊन ये."

"उद्या बघू."

"दुखणं अंगावर काढू नये. मला पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या तेव्हा तीन महिने एक दिवस चुकवला नाही मी. झालो ना ठणठणीत?"

"चष्माच तर आहे, बाबा."

"मग एक रेघ धड का मारता येईना?"

त्याला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून तो टेबलाखाली चिंध्या गोळा करू लागला.

बाबांनी मशीन थांबवलं. उठून दुकानाचं दार लोटून घेतलं. मग खिशातून स्वतःचा फोन काढला, बराच वेळ त्यात काही शोधलं आणि मुलापुढे धरला.

मेसेज दोन वर्षांपूर्वीचा होता, पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या त्या आठवड्यातला.

"चष्म्याचा नंबर बदललाय. येऊन जा."